गेंडामाळावरची भुतं

लहानपणी दिवेलागणीनंतर साताऱ्यातल्या गेंडामाळाकडं फिरकायचं नाही असा घरात नियमच होता. आज्जी म्हणायची, "तिकडं जाऊ नगंस रं, बिनमुंडक्याची फिरत्यात." आम्ही पोरं लाईट गेली की हेच एकमेकांना सांगायचो आणि मग पाणी प्यायला उठायची पण हिंमत व्हायची नाही.

साताऱ्यात असल्या गोष्टी गल्लोगल्ली आहेत. बोगद्यातनं रात्री जाताना गाडी थांबवायची नाही, मागच्या सीटवर कोणतरी येऊन बसतं. अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर चकवा लागतो, कितीही चाललं तरी फिरून त्याच दगडापाशी, मग गप खाली बसायचं नि उजाडायची वाट बघायची. पण गेंडामाळाची गोष्ट माझ्या डोक्यातनं कधी गेली नाही कारण कॉलेजला असताना कळलं की तिथं खरंच काय घडलं होतं.

८ सप्टेंबर १८५७. इंग्रजांनी त्या माळावर १७ जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या घातल्या आणि सहा जणांना तोफेच्या तोंडी दिलं. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचं काय उरतं, अग्नी द्यायला तरी काय हाती लागलं असेल घरच्यांच्या? हे वाचलं तेव्हा आज्जीचं "बिनमुंडक्याची" आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. मला मनापासून वाटतं ही भुताची गोष्ट तिथूनच निघाली असणार, ज्यांनी बघितलं त्यांना उघड बोलायची चोरी होती, मग पोरांना एवढंच सांगितलं की तिकडं जाऊ नका, आणि पुढच्या पिढ्यांत माणसं गळून पडली नि नुसती भीती उरली.

फाशी गेलेल्यांत रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी म्हणजे कोण, तर १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरनं काढून काशीला धाडलं तेव्हा त्यांची बाजू मांडायला थेट लंडनला गेलेला माणूस. जवळजवळ चौदा वर्षं तिथं झगडला. तेवढ्यात इकडं १८४७ ला महाराज काशीतच वारले, १८४८ ला राज्यच खालसा केलं. मोकळ्या हातानं परत आला आणि सत्तावनच्या उठावाची जुळवाजुळव करू लागला. कट फुटला, पोरगा सापडला, आणि रंगो बापूजी जे गायब झाले ते इंग्रजांना शेवटपर्यंत सापडले नाहीत. साताऱ्यात 'चार भिंती' म्हणून जागा आहे, तिथं त्यांचं स्मारक आहे, आम्ही तिथं भेळ खायला जायचो आणि कुणाचं स्मारक ते कधी वाचलंसुद्धा नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मागच्या वर्षी आज्जीला हे सगळं बसून सांगितलं. तिचं वय आता नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "सतरा जणं व्हय? त्यांचं दिवस-पाणी कुणी केलं?"

मला काय सांगता येईना.

आज्जी दर अवसेला दहीभाताचा उतारा काढून द्यायची, माळाच्या अलीकडं ठेवून यायचं नि मागं वळून बघायचं नाही. पुढच्या अवसेला तिनं उतारा दिलाच नाही, तेलाची पणती नि काडेपेटी हातात ठेवली. माळावर वारा मरणाचा होता, दोनदा विझली, तिसऱ्यांदा दोन दगडांचा आडोसा करून लावली आणि तिथंच बसलो तेल संपेस्तोवर.