मनोऱ्यावर चार, मनगटावर तीन-चाळीस

"मनोऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे," असं आमच्या सहलीच्या गटातल्या काकांनी ठणकावून सांगितलं, तेव्हा बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, दुपारचे बारा-दहा झाले होते. मनोऱ्यावर चार वाजलेले. काकांच्या मनगटावर भारतातले तीन-चाळीस, कारण विमानात बसल्यापासून त्यांनी घड्याळाला हातच लावला नव्हता.

साहात-कुला नावाच्या या मनोऱ्यातलं घड्याळ बिघडलेलं नाही. त्यात बारा वाजतात ते सूर्यास्ताला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथं सूर्य आठ-दहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या आठ तास आधी काटा चारावर येणारच. सूर्यास्त पुढंमागं सरकतो तसे काटेही सरकवावे लागतात आणि त्यासाठी मुवेकित नावाचा खास माणूस असतो. म्हणून गटाला "मनोऱ्याखाली अमुक वाजता" असं कधीच सांगू नये. "फोनमध्ये पाहून, दीड वाजता, सेबिलपाशी" असं सांगावं. सेबिल म्हणजे चौकातली लाकडी पाणपोई. कबुतरांच्या गर्दीमुळे ती चुकत नाही. त्या दिवशी हे घड्याळपुराण पंधरा मिनिटं चाललं आणि शेजारची गाझी हुसरेव-बेग मशीद हुकली. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. मशीद सकाळीच उरकावी, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी.

पायी फिरायचं अंतर फसवं आहे. पश्चिमेकडच्या चिरंतन ज्योतीपासून (दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक) सेबिलपर्यंत सरळ रस्त्यानं जेमतेम एक किलोमीटर, पण गटाला तीन तास पुरत नाहीत. फेरहादिया रस्त्यावर कॅथेड्रलसमोर फरशीत लाल डाग दिसतात. 1992 ते 1995 च्या युद्धात शहराला वेढा पडला होता, तेव्हा तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे लाल राळेनं भरून ठेवलेत, लोक त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. त्यावर उभं राहून फोटो काढू नका, हे आधीच सांगावं लागतं. मागच्या रस्त्यावर मार्काले मंडई आहे. 5 फेब्रुवारी 1994 ला एका तोफगोळ्यानं इथं 68 माणसं मारली. आज तिथं टोमॅटो, कांदे विकायला असतात. मी इथं फार बोलत नाही. भिंतीवरची नावं लोक आपणच वाचतात.

पुढं दगडी फरसबंदी. पाऊस पडला की ती साबणासारखी होते, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. काझांजिलुक ही तांब्याची गल्ली पुणेकरांना लगेच ओळखीची वाटते. ठोक्यांचा तोच आवाज, आपल्या तांबट आळीतला. इथलं चलन 'मार्क', ते रोख जवळ हवेत, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. एक युरो म्हणजे 1.95583 मार्क, हा दर बांधलेला आहे.

कॉफी घाईनं पिणारे इथं हमखास फसतात. तांब्याच्या ताटलीत जेझ्वा (कॉफीचं लांब दांड्याचं भांडं), बिनकानाची वाटीएवढी फिल्जान म्हणजे कप, साखरेचे खडे, लोकुम या मिठाईचा एक तुकडा आणि पाणी येतं. गाळ खाली बसू द्यायचा. साखर कपात टाकायची नाही. खडा कॉफीत बुडवून चावायचा, मग घोट. तळाचा शेवटचा घोट सोडून द्यायचा. दोघांनी तोही प्यायला आणि दातांत गाळ घेऊन बसले.

जेवणात सर्वांत जास्त गोंधळ. चेवापीत, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या छोट्या कबाबांत, बहुधा गोमांस असतं, त्यामुळे आधीच विचारावं. 'बुरेक' (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) इथं फक्त खिम्याचा. 'चीज बुरेक द्या' म्हटलं की दुकानदार रागावतो तरी, नाहीतर हसतो. शाकाहाऱ्यांनी सिर्नित्सा (चीज), झेल्यानित्सा (पालक) किंवा क्रोम्पिरुशा (बटाटा) मागावी. अंडं न खाणाऱ्यांनी तेवढं विचारून घ्यावं.

लॅटिन पूल मी शेवटी ठेवतो. सगळे पुलावर उभे राहून 'इथंच गोळी झाडली' म्हणतात. खरी जागा पुलासमोरच्या कोपऱ्यावर, जिथं आता संग्रहालय आहे. 28 जून 1914 ला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याची गाडी तिथं चुकीच्या वळणावर वळली आणि त्याच्यावर गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्त्सिप समोरच उभा होता. याच खुनातून पहिलं महायुद्ध पेटलं.

संध्याकाळी कोवाचीच्या दफनभूमीवरून झुता ताबिया बुरुजावर चढलो. वीस मिनिटांचा चढ, गुडघे दुखणाऱ्यांना टॅक्सी बरी. डोंगरांमुळे ऊन आधीच जातं, म्हणून सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचावं. खाली मिनारांवर दिवे लागले. कुणीतरी वेळ विचारली. काकांनी मनगट वर केलं, "अकरा-चाळीस." आणि मग थोडं थांबून, "म्हणजे मनोऱ्यावर बारा वाजले असणार. अजून वीस मिनिटं पुढंच आहे बघा."