तीन विद्यापीठांच्या शिवेवर

मृग लागून आठ दिवस झाले, पावसाचा पत्ता नाही. सरकीची पाकिटं फडताळात पडून आहेत, सोयाबीनची उगवण तपासून झाली, ट्रॅक्टरवाला रोज एकदा फोन करून 'मंग भाऊ?' इतकंच विचारतो. असा रिकामा वेळ असला की घरात एक विषय धरून सगळेच बोलत बसतात. यंदाचा विषय आहे पुतणीची ॲडमिशन.

पोरगी बारावी झाली. कबड्डी खेळते, राईट कॉर्नर, म्हणजे बचावाच्या साखळीत उजव्या टोकाला. मीही एकेकाळी राईट कॉर्नरच होतो. त्यामुळे कॉलेज मीच सुचवावं असं ठरलं आणि पुढे काही बिघडलं तर दोष कोणाचा, तेही त्याच बैठकीत ठरलं.

आमचं गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. वणीतून निघालं, पाटाळ्याच्या पुलावरून नदी ओलांडली की वरोऱ्याचा रस्ता. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणून वणीचं कॉलेज अमरावती विद्यापीठाचं. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, म्हणून वरोऱ्यात, बाबा आमट्यांच्या आनंदवनातलं आनंद निकेतन गोंडवाना विद्यापीठाचं. आणि उत्तरेला हिंगणघाटकडे गेलं तर वर्धा जिल्हा, म्हणजे नागपूर विद्यापीठ. एकाच घरातून निघून तीन विद्यापीठांकडून खेळता येईल अशी आमची जागा. पुलावर पाणी आलं की मात्र दोनच उरतात.

विदर्भाचे अकरा जिल्हे असे वाटले गेले आहेत: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे पाच अमरावती विद्यापीठाकडे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार नागपूरकडे, चंद्रपूर, गडचिरोली हे दोन गोंडवानाकडे. नागपूर विद्यापीठ 1923 चं. त्यातून 1983 मध्ये अमरावती वेगळं निघालं, 2011 मध्ये गोंडवाना. म्हणजे मी खेळत होतो तेव्हा वरोऱ्याची पोरं नागपूरची होती. पोळ्यानंतरच्या खुल्या सामन्यांत आम्ही त्यांच्यासोबत एकाच मातीत लोळायचो, आणि कॉलेजचे सामने सुरू झाले की ते दुसऱ्या विद्यापीठाचे. गंमत अशी, की फेडरेशनच्या राष्ट्रीय कबड्डीत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, अकरा जिल्हे मिळून एक. विद्यापीठाच्या मैदानावर त्याच विदर्भाचे तीन तुकडे एकमेकांसमोर उभे.

धाकट्या भावाचं मत एकच. "नागपूर म्हणजे नागपूर. नाव पाह्यजे न भाऊ." तो मोबाइलवर नॅकची, म्हणजे विद्यापीठं तपासणाऱ्या संस्थेची, ग्रेड काढून दाखवतो. त्याच्या बायकोचं मत त्याहून पक्कं: "भाऊजी, अंधार पडायच्या आत घरी आली पाह्यजे, मंग कोणतंही विद्यापीठ असो." ही दोन्ही मतं मला पटतात, आणि दोन्हींत कबड्डी कुठेच नाही.

मी विद्यापीठं कशी तोलतो ते सांगतो. ग्रेडचा कागद मास्तरांसाठी आणि इमारतीसाठी. खेळणाऱ्या पोरीसाठी प्रश्न असा, की वर्षाला तिला खऱ्या मॅच किती मिळणार? सराव नव्हे, मॅच. पंच उभा आहे, गुणफलक चालू आहे, समोरची पोरगी अनोळखी आहे आणि तिला तुमचा अँकल होल्ड, म्हणजे चढाईला आलेल्या रेडरचा घोटा धरायची पकड, माहीत नाही, अशी मॅच.

आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथून विद्यापीठाचे बारा निवडले जातात. सात मैदानात, पाच बाहेर. ते बारा पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीयला. आता हिशेब करा. पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठात बारांत बसायचं तर बुलढाण्यापासून वणीपर्यंतच्या कॉर्नर तुमच्या जागेवर डोळा ठेवून असतात. दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठात स्पर्धक कमी, कलर कोट, म्हणजे विद्यापीठाच्या संघाचा कोट, लवकर अंगावर येतो. पण कोट लवकर आला म्हणजे तितक्या चाळणीतून न जाताच पोरगी थेट पश्चिम विभागात उभी राहते. चार वेळा हरून जे शिकायचं ते तिथे एकाच दुपारी, तीस मिनिटांत शिकावं लागतं. (मुलींची मॅच पंधरा-पंधरा मिनिटांची असते, मैदानही मुलांपेक्षा लहान, बारा बाय आठ मीटर. हे लिहितो, कारण भाऊ अजून म्हणतो की पोरींना सोपं असतं. लहान मैदानात कॉर्नरला मागे सरकायला जागा कमी. सोपं कुठलं?)

उलट मोठ्या विद्यापीठात दोन वर्षं बाहेरच्या पाचांत बसून काढलेली पोरंही मी पाहिली. तेही खेळणं नव्हे.

गडचिरोलीच्या पोरींबद्दल मात्र एक सांगून ठेवतो. दोन जिल्ह्यांचं विद्यापीठ म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये. खुल्या सामन्यांत त्या बाजूच्या पोरी आल्या की आमच्या पोरींना पहिल्या पाच मिनिटांत दम कशाला म्हणतात ते कळतं.

अमरावतीच्या बाजूने माझं मन झुकतं, त्याला कारण हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1914 पासूनची संस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी आपले देशी खेळ करून दाखवायला गेली होती, त्यात कबड्डीही होती. कॉलेजच्या स्पर्धेत त्या मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा संघ समोर आला की आमच्या पोटात गोळा यायचा. ती पोरं सकाळ-संध्याकाळ त्याच कामाला. आम्ही कापूस वेचून आलेलो. पण त्यांच्याकडून दोनदा मार खाल्ला तेव्हा कुठे मला कळलं, की कॉर्नरने रेडरच्या पायाकडे पाहायचं नसतं, कमरेकडे पाहायचं. हे शिकायला मिळावं म्हणून मी अमरावती म्हणतो. भाऊ म्हणतो, मार खायला दोनशे किलोमीटर कशाला?

पश्चिम विभाग म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं. मी एकदाच गेलो, 1996 च्या हिवाळ्यात, राजस्थानला. दोन रात्री रेल्वेत. सोबत मायनं दिलेल्या धपाट्या आणि जवसाची चटणी. तिथे पोचल्यावर पात्रता तपासणी. खेळाडू सतरा ते पंचवीस वयातला असला पाहिजे हा आजचा नियम, तेव्हा मर्यादा वेगळी होती, पण वयाचा पुरावा म्हणून दहावीचा कागद तेव्हाही मागत. माझ्याकडे झेरॉक्स. ओरिजिनल कुठे? घरी, गव्हाच्या कोठीत. घर गळायचं म्हणून मायनं सगळ्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून तिथे खोसले होते, आणि निघताना मी झेरॉक्सवर भागेल म्हणून कोठीत हात घातला नाही. ज्यांनी तपासलं ते नियमाने वागले. मी बाहेर. राईट कॉर्नरला आमचा कव्हरचा, म्हणजे साखळीत आतल्या बाजूचा, पोरगा सरकवला, कव्हरला कोणीतरी तिसराच. चार गुणांनी हरलो. बाद पद्धतीची स्पर्धा, एक हार म्हणजे परतीचं तिकीट.

चार रात्रींचा प्रवास आणि मैदानावर शून्य मिनिटं. घरी आल्यावर मायनं विचारलं, "खेळला का रे?" मी म्हटलं, "हो." ती गेली तेव्हाही तिला खरं माहीत नव्हतं. घरात आजही कोणाला माहीत नाही. आता लिहिलंच आहे तर वाचतील.

वणीचा एक पोरगा अमेरिकेत नोकरीला आहे, दिवाळीत आला होता. त्याच्याकडून कळलेली गोष्ट मला फार आवडली. आपण ज्याला आयव्ही लीग म्हणतो, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ, ती मुळात खेळांची लीग आहे. 1954 मध्ये त्या आठ विद्यापीठांनी आपसातल्या सामन्यांचा करार केला, आणि तिथे खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. पुण्या-मुंबईचे पालक ज्या नावाने पोरांना रात्री दोनपर्यंत जागवतात, ते नाव मुळात सामन्यांच्या लीगचं! दुसरी एक लीग आहे, बिग टेन. 1896 सालापासूनची. नाव दहाचं आणि 2024 पासून विद्यापीठं अठरा. त्यात एक न्यू जर्सीचं, दोन लॉस एंजेलिसची. म्हणजे त्यांच्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ऐकून मला आमच्या दोन रात्रींच्या प्रवासाचं वाईट वाटणं जरा कमी झालं. फरक इतकाच, की तिकडे पोरं विमानाने जातात आणि ती मॅच पाहायला लाखभर माणूस येतो. आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे पुढच्या मॅचचे दोन संघ.

आपल्याकडे 'आम्ही पश्चिम विभागातले' असं कोणी छाती फुगवून सांगत नाही. अभिमान असतो तो अश्वमेधचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचा. तिथे मुंबई, पुणे, कोल्हापूर यांच्यासोबत अकोला-राहुरीची कृषी विद्यापीठंही उतरतात. आणि सगळ्यांच्या वरती मौलाना आझाद ट्रॉफी, देशातल्या खेळात अव्वल विद्यापीठाला. 2024 ची ती चंडीगड विद्यापीठाला गेली, दुसरं लव्हली प्रोफेशनल, तिसरं अमृतसरचं गुरू नानक देव. तिन्ही पंजाबातली, त्यातली पहिली दोन खासगी. खासगी विद्यापीठं फी माफ करून खेळाडू उचलतात. भावाला हे सांगितल्यावर त्याने लगेच विचारलं, "मंग तिकडं पाठवू का?" वहिनीने त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती बघून मी पाणी प्यायला उठलो.

नोकरीचा मुद्दा निघतोच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेचं, कोणत्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, ते शासन निर्णयात वाचूनच ठरवावं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते हे लक्षात ठेवावं. गावात दोघांनी फक्त 'सर्टिफिकेट आहे' एवढ्या भरवशावर वर्षं घालवली. यावर मी जास्त बोलत नाही, कारण पोरगी पहाटे पाचला झेडपीच्या मैदानावर येते ती नोकरीसाठी येत नाही, हे मला तिच्या पडण्यावरून कळतं.

तर परवा रात्री मी वहीच्या पानावर तीन रकाने पाडले. कॉलेजचं अंतर, एसटीचं भाडं (2023 पासून बायांना अर्धं तिकीट, तो फायदा तिन्हीकडे सारखाच), बारांत येण्याचा संभव, मॅचची संख्या, होस्टेल. वणीला अमरावतीच्या स्पर्धा मिळतात आणि पोरगी घरी राहते. वरोऱ्याला कलर लवकर. हिंगणघाटला भावाचं नागपूर. बेरीज काही जुळेना. पोरीला हाक मारली. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातांनीच आली, वही पाहिली, आणि म्हणाली,

"मोठे बाबा, माई इन वणीले चालली न."

म्हणजे तिची राईट इन. तिच्या बाजूला उभी राहते ती, चार वर्षांपासून हात धरून साखळी करते ती, शेजारच्या गल्लीतली. रेडर आत आला की ह्या दोघी बोलत नाहीत, फक्त हात दाबतात. एकदा दाबला म्हणजे थांब, दोनदा म्हणजे घे.

"वरोऱ्याले गेलो तं माया हात कोण धरन?"

एवढं बोलून ती चुलीकडे गेली, कारण तवा तापला होता. मी वही मिटली. अंतर, भाडं, होस्टेल सगळं लिहिलं होतं, आणि सात माणसांच्या खेळातला हा रकाना माझ्याकडून राहिला. भावाने दहा मिनिटं तोंड पाडलं, मग म्हणाला, "अमरावती काही वाईट नाही म्हणा."

काल वणीला जाऊन फॉर्म भरला, दोघींचा सोबतच. दहावीची ओरिजिनल मार्कशीट मी लॅमिनेट करू दिली नाही, फाइलमध्ये घातली. झेरॉक्सच्या तीन प्रती काढल्या. फाइल कुठे ठेवायची यावर वहिनी म्हणाल्या, कोठीत ठेवू, तिथं उंदीर लागत नाही.

मी म्हटलं, कोठीत नको.