रक्तात उतरलेले सोने

झवेरी बाजारातून बांगड्या घेऊन परतताना आत्याने विचारले, ‘‘सोने गंजत नाही, विटत नाही, मग त्याचे बारीक कण रक्तात सोडले, तर बिघडणार काय?’’ लोकलच्या गर्दीत तिला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

दागिन्यातले सोने निष्क्रिय असते, हे खरे. परंतु कण काही नॅनोमीटरांवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आला की त्याचे गुण पालटतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासलेले सोन्याच्या अशा सूक्ष्म कणांचे द्रावण पिवळे नव्हे, तर माणकासारखे लाल होते.

असा कण रक्तात शिरताच अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन यांसारखी प्रथिने त्याला चिकटतात आणि पेशींची गाठ सोन्याशी न पडता प्रथिनांच्या या वेढ्याशी पडते. म्हणून धोक्याचा विचार, माझ्या मते, सोन्यापेक्षा त्याच्या आवरणापासून सुरू करावा. आवरणामुळे धन प्रभार आलेले कण तांबड्या पेशींचे पटल फोडू शकतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करू शकतात. सोन्याच्या नॅनोदांड्या घडवताना वापरले जाणारे सीटॅब हे रसायन नीट धुतले गेले नाही, तर तेच पेशींना मारक ठरते. उलट, पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाचा लेप दिल्यास कण रक्तात अधिक काळ फिरतो.

साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रावाटे बाहेर पडू शकतात. मोठे मात्र यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात.