तुम्ही विचारलंत म्हणून: ठासणीचं रिव्हॉल्व्हर

"सुरुवात करायची आहे, कोल्ट घेऊ की रेमिंग्टन?" असं ठासणीच्या रिव्हॉल्व्हरबद्दल (काडतूस नाही, दारू आणि गोळी पुढून ठासायची) कुणी विचारलं की मी उलट विचारते, "मोरीत तासभर उभं राहायची तयारी आहे?" लोक हसतात. मी गंमत करत नसते.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा वायू न होता घन पदार्थ होतो, काही धुरात जातो, काही मळ म्हणून उरतो. तो मळ हवेतली ओल ओढतो, म्हणून आज उडवलं तर आजच धुवायचं. निपल (चेंबरमागच्या पोकळ खुंट्या, ज्यांवर ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे कॅप बसते) पान्याने काढायचे, कढत पाणी, साबण, ब्रश, मग खडखडीत कोरडं. खनिज तेल लावून उडवलंत तर मळाचं डांबर होतं, म्हणून मेण आणि चरबी. हे रटाळ वाटत असेल तर दुसरा छंद शोधा, राग नाही. परवान्याचं तुमचं तुम्ही बघा, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. आणि आधुनिक धूरविरहित दारू यात चिमूटभरही नाही, रिव्हॉल्व्हर फुटेल.

दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो. "सगळे चेंबर (सिलिंडरमधली दारू-गोळीची भोकं) एकदम पेटतात म्हणे?"

पेटतात. मी पाहिलंय. शेजारच्या टेबलावर एक अनुभवी गृहस्थ होते, हातात १८६०च्या कोल्टची नवी प्रतिकृती. गोळ्या ठासून झाल्यावर ठिणगी आत शिरू नये म्हणून प्रत्येक चेंबरच्या तोंडावर त्यांनी बोटाने चरबी थापली, अगदी निगुतीने. पहिल्याच बाराचा आवाज वेगळा आला, जाड आणि फाटका. धूर सरला तेव्हा घोडा (कॅपवर आपटणारी हातोडी) एकदाच पडला होता आणि तीन चेंबर रिकामे होते. शेजारच्या दोन गोळ्या नळीच्या बाजूंनी निघून गेल्या होत्या. खालचा चेंबर पेटला असता तर त्याची गोळी नळीखालच्या, गोळ्या ठासायच्या दट्ट्यावरच आदळली असती. त्यांचा डावा हात मुठीखाली होता, सिलिंडरच्या पुढे नव्हता. तेवढ्यावर निभावलं. "चरबी तर लावली होती," ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, माझ्याकडे बघून, जणू चरबी मीच विकली होती.

ठिणगी शिरली कुठून? पुढून, गोळीच्या कडेने, की मागून, सैल कॅपमधून? शेजारच्या त्या दोन्ही चेंबरांच्या निपलांवरच्या कॅप उडालेल्या होत्या. पण चेंबर पेटला की आतल्या दाबानेही कॅप उडतेच, म्हणजे पुरावा शून्य. त्याआधी मी नवख्यांना छातीठोकपणे सांगायचे, "चरबी थापा आणि निर्धास्त राहा." आज मला कॅपवर जास्त संशय आहे. पण तेव्हाची मी विचारते, मग इतकी वर्षं चरबीवाल्यांचं निभावलं कसं? याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी दोन्ही दारं लावते. गोळी इतकी घट्ट घेते (.४४ कॅलिबरच्या, म्हणजे त्या मापाच्या नळीच्या रिव्हॉल्व्हरला ०.४५४ इंचाची) की ठासताना शिशाचं बारीक कडं तासून बाहेर पडतं. ते कडं अखंड निघालं नाही तर मी पुढे जात नाही. दारू आणि गोळीच्या मध्ये चरबीत भिजवलेली फेल्टची चकती. कॅप निपलवर पक्की बसणारीच, चिमटून बसवलेली नाही.

भीती वाटते का? वाटते. म्हणून तर दारू बुधल्यातून थेट चेंबरमध्ये ओतत नाही. आत निखारा उरला असेल तर बुधलाच हातात फुटेल. आधी मापात, मग चेंबरमध्ये, सुरुवातीला २५ ग्रेन (दारू तोलायचं छोटं एकक) पुरे. सहापैकी पाचच भरायचे आणि घोडा रिकाम्यावर ठेवायचा.

बरं, कोल्ट की रेमिंग्टन? माझं मत कोल्ट. पाचर ठोकून काढली की नळी सुटते, सिलिंडर हातात येतो, धुणं सोपं. फुटलेल्या कॅपचे तुकडे यंत्रात पडून घोडा अडतो, हे खरं. तेव्हा नळी वर करून घोडा ओढायचा, तुकडे मागे गळतात. वरून पट्टी असलेली रेमिंग्टनची चौकट जास्त मजबूत, हेही मान्य. रेमिंग्टनवाले भांडायला येतीलच. दोन-चार फेऱ्यांनंतर मळाने त्यांची सिलिंडरची पिन जाम झाली की बोलू.