सात वर्षांची असताना केलेला अर्ज

सिडनीत पॅरामॅटाला एका लॉयरच्या ऑफिसात मी पॅरालीगल आहे. हॅरिस पार्कमधल्या ओळखीच्या लोकांना वाटतं मी पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, कामं करते, पण आमच्याकडे जास्त येतात ते प्रोटेक्शन व्हिसावाले, म्हणजे सबक्लास ८६६, मायदेशी परत जाण्यात जिवाला धोका आहे म्हणून इथे आसरा मागणारे.

तर त्या दिवशी एकोणीस वर्षांची एक मुलगी आली, आपल्याच उपखंडातली, त्यामुळे हिंदीतच बोलणं चाललं होतं. फॉर्म तिने स्वतःच भरून आणलेला, सोबत सव्वीस पानांची हकीकत. परत गेली तर गावातले नातेवाईक जबरदस्तीने लग्न लावणार, आणि नाही म्हटलं तर काय करतील ते एका चुलत बहिणीच्या बाबतीत तिला माहीत होतं. वाचताना मला पाणी प्यावं लागलं खरंच.

पण आमच्याकडे हकीकत नंतर, आधी अर्ज व्हॅलिड आहे का ते बघायचं. माणूस ऑस्ट्रेलियात हवा, फॉर्म नीट हवा, फी भरलेली हवी (ती तशी मामुली असते), आणि कायद्याचा कुठला बार, म्हणजे अर्ज करायलाच मनाई, आड यायला नको. या शेवटच्या गोष्टीत लोक अडकतात. अर्ज इनव्हॅलिड असेल तर डिपार्टमेंट आत काय लिहिलंय ते बघतच नाही, तशी परवानगीच नाही त्यांना, आणि रिजेक्ट झालेल्यासारखं ट्रायब्युनलमध्ये अपिलातही जाता येत नाही.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, याआधी कधी प्रोटेक्शनसाठी अर्ज केलायस? ती म्हणाली नाही, फॉर्मवर पण 'नो'च होतं. मग इथे आलीस कधी? सात वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं आईला फोन लाव. तिने स्पीकरवर टाकला आणि आई अगदी सहज म्हणाली, "हां बेटा, पापा के फॉर्म में सबका नाम डाला था."

तो अर्ज रिजेक्ट झालेला. मायग्रेशन ॲक्ट १९५८ चं कलम ४८ए, इथे असताना एकदा नकार मिळाला की इथूनच दुसरा अर्ज नाही. २०१४ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं की अर्ज दुसऱ्याने तुमच्या वतीने केला असेल, तुम्ही लहान होतात, तुम्हाला माहीतच नव्हतं, तरी बार लागतो, कारण वेगळं असलं तरी. वडिलांचं कारण राजकारणाचं होतं, हिचं लग्नाचं, काही फरक नाही. मला हे आजही पटत नाही, सात वर्षांच्या पोरीला कसला अर्ज कळतो!

"पर मैंने तो साइन भी नहीं किया था," एवढंच ती म्हणाली, दोनदा.

वाट उरते ती कलम ४८बी ची, मिनिस्टरने स्वतः बार उठवायचा. पण ती फाइल उघडून बघायलाही ते बांधील नाहीत. आमच्या लॉयर सरांनी तिला हे सगळं न लपवता सांगितलं, ती म्हणाली करा. संध्याकाळी मी बसून 'नो' च्या जागी 'येस' केलेली प्रत फाइलला लावली, म्हणजे खोटी माहिती दिली असं कुणी म्हणायला नको, आणि ती सव्वीस पानं जशीच्या तशी विनंतीपत्राला जोडली. उत्तर अजून आलेलं नाही. दर दोन आठवड्यांनी तिचा फोन येतो, आणि आता मी हॅलो म्हणायच्या आधीच ती विचारते, "कुछ नहीं ना?"