आडव्या रेघेतलं सोनं

नकाशावर सोनं आडवं पडलं होतं. मला खटकलं ते एवढंच.

आमचं खनिज-शोधाचं क्षेत्र चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, पोंभुर्णा-गोंडपिपरीच्या पट्ट्यात. इथल्या ग्रॅनाइटात तांबं आहे ही काही नवी बातमी नाही. ठाणेवासना आणि दुबारपेठ ही नावं या भागात काम केलेल्या भूवैज्ञानिकाला तोंडपाठ असतात. क्लोराइट या खनिजानं हिरवट पडलेला ग्रॅनाइट, त्यात गारेच्या शिरा आणि शिरांत पितळेच्या रंगाचा चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज. आमच्या क्षेत्रातल्या शिरा साधारण उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जातात, म्हणून मातीचे नमुने घ्यायच्या रेघा आम्ही पूर्व-पश्चिम आखल्या होत्या. दोन रेघांत दोनशे मीटर अंतर आणि रेघेवर दर पन्नास मीटरला एक खड्डा. जमिनीखाली शीर असेल तर तिनं प्रत्येक रेघेला एखाद-दुसऱ्या खड्ड्यापाशी छेदावं आणि पुढच्या रेघेकडे निघून जावं. तांब्यानं अगदी तसंच केलं होतं. इतरत्र ३०-४० पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत तीस-चाळीस भाग असलेलं तांबं लागोपाठच्या तीन रेघांत ३०० च्या वर गेलं होतं, आणि ते तीन ठिपके जोडले की शिरेची दिशा आपोआप दिसत होती.

सोन्यानं मात्र एकाच रेघेवर मुक्काम ठोकला. सलग अकरा खड्डे, आकडे ६० ते १२० पीपीबी, म्हणजे मातीच्या अब्ज भागांत साठ ते एकशेवीस भाग. वरच्या आणि खालच्या रेघेत दोन, तीन, फार तर पाच. पूर्व-पश्चिम शीर असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण ती नेमकी आम्ही आखलेल्या रेघेवरूनच, खड्ड्याला खड्डा जोडत जावी? शिवाय सोन्याबरोबर एरवी बऱ्याचदा येणारी मंडळी, आर्सेनिक आणि बिस्मथ, जागची हलली नव्हती.

नागपूरच्या ऑफिसला हे सांगितलं तर तिकडे आनंदीआनंद. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. तांब्याबरोबर सोनं सापडणं ही जगभरची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये सापडलेल्या ऑलिंपिक डॅममध्ये तांबं, युरेनियम, सोनं आणि चांदी एकाच खडकात आहेत, आणि आमच्या धंद्यात प्रत्येक साहेबाच्या मनात एक ऑलिंपिक डॅम दडलेला असतो. आकडे आल्यावर चार दिवसांत ड्रिलिंगवाल्यांशी बोलणी सुरू झाली. तांब्याच्या तीन ठिपक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. कशी, ते विचारू नका. मार्चअखेरचे दिवस, पहाटे सगळं गाव मोहफुलं वेचायला जंगलात. तिथे ही चर्चा. कुणाच्या तरी मेहुण्यानं चंद्रपूरहून फोन करून जमिनीचा भावही विचारला म्हणे.

मी आधी चाळणीचं रजिस्टर काढलं. खड्ड्यातली माती कॅम्पवर येते, वाळते, आणि शेडमध्ये ऐंशी मेशच्या (इंचाला ऐंशी छिद्रं) चाळणीतून चाळली जाते. खाली पडलेली बारीक माती म्हणजे आमचा नमुना. निम्मी प्रयोगशाळेत जाते, निम्मी आम्ही राखून ठेवतो. चाळणी नायलॉनची, प्लास्टिकच्या चौकटीतली. तांबं शोधताना पितळी चाळणी वापरली तर पितळेतलंच तांबं नमुन्यात उतरतं, हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. रजिस्टर सांगत होतं की ते अकराही नमुने एकाच दुपारी, एकापाठोपाठ एक, एकाच पोरानं चाळले होते. त्याच रेघेवरचा बारावा खड्डा दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं चाळला होता. त्यात सोनं ३ पीपीबी.

आता पोटात गोळा आला. चाळणी खराब असणं वेगळं आणि नमुन्यात कुणी मुद्दाम सोनं मिसळणं वेगळं. बोर्निओतल्या बुसांगचं, ब्रे-एक्स या खाण कंपनीचं प्रकरण आमच्या पिढीला शिकताना ऐकवलेलं असतं. अब्जावधी डॉलरचा शेअर बाजार उभा राहिला आणि १९९७ मध्ये कळलं की जमिनीखाली सोनंच नाही, ठेचलेल्या नमुन्यांत बाहेरून मिसळलं होतं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कण गोल घासलेले, नदीतले दिसत होते. खडकातून आलेलं सोनं असं नसतं. कणाचा आकार खोटं बोलत नाही.

नवे नमुने प्रयोगशाळेत पाठवले तर उत्तराला तीन आठवडे लागणार आणि तोवर ड्रिलिंगची रिग येऊन उभी राहणार. मला उत्तर लवकर हवं होतं. ते ज्यांच्यामुळे एका दिवसात मिळालं ते बाबा त्या वेळी आमच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते.

आमच्या स्वयंपाक्याचे ते दूरचे नातेवाईक, बालाघाटकडचे, लग्नाच्या निमित्तानं आलेले. सोनझरी समाजाचे. नदीची रेती धुऊन सोन्याचे कण वेचणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्याकडच्या कुणालाही बारीक नजरेचं एवढं शिक्षण मिळालेलं नसतं. मी विचारलं, "बाबा, आमची माती धुऊन बघाल का?" ते म्हणाले, "रोजी देशीन तं धुतो." रोजी ठरली. लाकडाची उथळ परात त्यांनी सोबतच आणली होती. लग्नाला जाताना कुणी परात का नेतं, हे मी विचारलं नाही.

हिशेब साधा होता. मातीत खरोखर १०० पीपीबी सोनं असेल तर वीस किलो मातीत दोन मिलिग्रॅम. एक दशांश मिलिमीटरचा सोन्याचा कण सुमारे दहा मायक्रोग्रॅम भरतो. म्हणजे वीस किलोत असे दोनशे कण. बारीकसारीक वाहून गेलं तरी मुरलेल्या हाताला पाच-पन्नास दिसायलाच हवेत.

सकाळी रेघेवर गेलो. जुन्या चार खड्ड्यांच्या शेजारी नवे खड्डे घेतले, त्याच गुडघाभर खोलीची लालसर माती घमेल्यांनी भरली आणि ट्रॅक्टरनं नाल्यातल्या डोहापाशी नेली. तोवर अर्धं गाव काठावर. शाळा बुडवून आलेली पोरं, म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. बाबांनी धोतराचा काचा मारला आणि पाण्यात बसले. परात बुडवायची, हातानं माती कालवून चिखल सोडून द्यायचा, खडे वेचून टाकायचे, मग परातीला हलका गोल झोल. हळूहळू लाल माती गेली, मग पांढरी रेती, शेवटी परातीच्या पोटात काळ्या रेतीची बारीक चंद्रकोर उरली. मॅग्नेटाइट आणि तसलीच जड खनिजं. काठावरून कुणीतरी ओरडलं, "चमकते, चमकते!" बाबांनी परात तिरपी करून एक थेंब पाणी फिरवलं, चमकणारं पाण्यावर तरंगून गेलं. "अभ्रक होय जी. सोनं असं पऱ्हत नाई, ते चिटकून बसते."

चारही ढिगांतून काळी रेतीच निघाली. उन्हात डोळे बारीक करून मीही पाहिलं, भिंगातून पाहिलं. काही नाही. काठावरची गर्दी पांगायला लागली. एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला की खरं सोनं हे रात्री धुतील.

दुपारी कॅम्पवर आलो. राखीव ठेवलेल्या बारीक मातीतला निम्मा भाग बाजूला ठेवला. पुरावा सगळाच वापरून चालत नाही. उरलेली माती, सगळी मिळून अर्धा किलोच्या आसपास, बाबांपुढे ठेवली. कुठली आहे ते सांगितलं नाही. या वेळी टपात पाणी घेऊन त्यांनी फार सावकाश धुतली. अखेरच्या झोलाला हात थबकला. परत एकदा फिरवलं. मग बोटाच्या टोकानं काळ्या रेतीची कड सारली आणि परात माझ्याकडे वळवली. पिवळे चार-पाच ठिपके. सुईच्या अग्रापेक्षाही लहान.

माझ्या तोंडातून "आहे!" निघालं. बाबा हसले नाहीत. माझं भिंग मागून घेतलं, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे नदीचं नाई," ते म्हणाले. "मातीतलं बी नाई. हे सोनाराच्या दुकानातलं हाय."

मी विचारलं, कशावरून? तेव्हा कळलं की पावसाळ्यात नद्या भरल्या की त्यांचे लोक सराफा ओळीतली झाडलोट विकत घेतात, दुकानातली धूळ, राख, गटारातला गाळ, आणि ते धुऊन सोनं काढतात. नदीचं सोनं दबलेलं, कडा गोल झालेलं असतं. कानसेखालचं सोनं वळतं. त्याला पीळ पडतो. "अन् रंग पाय ना. याच्यात तांबा हाय. डागिना हाय हा."

आमच्याकडे जुना दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक आहे. कण त्याखाली ठेवले. बारीक वळलेल्या सालपटांसारखे, एका बाजूला सरळ ओरखड्यांच्या समांतर रेषा. खडकातल्या सोन्याला अशा रेषा पडायचं कारण नाही. बाबांनी साध्या भिंगातून वाचलं ते मी चाळीस पटीनं मोठं करून वाचत होतो.

मग त्या पोराला बोलावलं. माघात लग्न झालेलं, त्यामुळे कॅम्पवर सगळे त्याला नवरदेवच म्हणायचे. तो आला, उभा राहिला, आणि मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सासऱ्यानं घातलेली अंगठी, अजून नवीकोरी.

"नवरदेवा, अंगठी काढायची असते, माहीत आहे ना?"

"माईत हाय न सायेब. फिल्डवर कवाच नाई घालत. खिशात ठेवतो." त्यानं भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. मुख्य ऑफिसनं छापून पाठवलेला: फिल्डवर दागिने घालू नयेत. "हे तं शेड हाय."

यावर उत्तर नव्हतं. त्या दुपारी ब्रश सापडत नव्हता म्हणून त्यानं माती चाळणीवर तळहातानं रगडली होती. मातीत गारेची रेती. गारेची कठिणता सात, सोन्याची तिनाच्याही आत. अकरा नमुने होईपर्यंत अंगठीची तळहाताकडची कड कानशीवर घासल्यासारखी झिजत राहिली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. भिंगाखाली दिसलं.

त्याचा चेहरा पडला. नोकरीसाठी नव्हे, हे पुढच्या वाक्यात कळलं. "किती गेलं जी सोनं? सासरा वजन करन."

मी कागद घेतला. अकरा नमुने, प्रत्येकी सुमारे दोनशे ग्रॅम बारीक माती, सरासरी ९० पीपीबी धरलं तर सगळं मिळून ०.२ मिलिग्रॅम. सोनाराच्या काट्याला हे कळणार नाही. पैशांत म्हणशील तर दोन-तीन रुपये. त्याचा विश्वास बसेना. दोन-तीन रुपयांसाठी सायबानं ट्रॅक्टर लावला?

संध्याकाळी टेकडीवर जाऊन, जिथे रेंज येते त्या दगडावर उभं राहून, नागपूरला फोन केला. सूक्ष्मदर्शकाचे फोटो आधीच पाठवले होते. पलीकडून पहिला प्रश्न आला की पोराला काढून टाकलं का. मी म्हटलं, त्यानं फलक वाचून त्याबरहुकूम वागलं आहे, फलक लिहिणाऱ्याला काढायचं असेल तर बघा. थोडं जास्तच बोललो असेन. पण नवरदेव राहिला आणि फलक बदलला. रिगचं बोलणं थांबलं. नंतर प्रयोगशाळेतून फेरतपासणीचे आकडे आले. नव्या खड्ड्यांची माती सगळी पाचाच्या आत.

मग कुणाला तरी आठवलं की तांब्याचं काय. तीन ठिपक्यांच्या ओळीवर आम्ही चर खोदला. दीड मीटरवर कुजक्या ग्रॅनाइटात गारेची शीर लागली, भेगाभेगांत मॅलॅकाइट या तांब्याच्याच खनिजाचा हिरवा थर, आणि खाली ताज्या दगडात चॅल्कोपायराइट. पुढे रिग आली ती तिथेच आली. हे पाहायला काठावर कोणी नव्हतं, एक शेळ्या राखणारा मुलगा सोडला तर. त्यानंही हिरवा दगड हातात घेऊन विचारलं की सोनं कोणत्या बाजूला निघालं होतं.

गावात अजून पक्कं मत आहे की कंपनीनं सोनं दाबून ठेवलं. मी जितकं समजावतो तितकं ते पक्कं होतं. त्यात नवरदेव भर घालतो. ते चार-पाच कण मी छोट्या बाटलीत चिकटपट्टी लावून, क्रमांक टाकून कपाटात ठेवलेत, नोंद म्हणून. दर पगाराला तो सही करतो आणि चारचौघांत विचारतो, "सायेब, माहं सोनं कवा देता जी?"