आठवडा 14 : एका बादलीला एकच गुरू

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की गोल्फचं सात नंबर आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, हातात बसायला लागलंय. शब्द मागे घेतो. मंगळवारी बादलीभर, म्हणजे चाळीस चेंडू मारले, त्यात सहा शँक, म्हणजे क्लबच्या दांड्याला लागून भलतीकडे गेलेले. एक तर सरळ मेव्हण्याच्या बाइकच्या टाकीवर. "दाजी, हे असं किती दिवस चालायचं ओ?" एवढंच म्हणाला बिचारा.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो आणि सराव येळ्ळूरला, सासऱ्यांच्या शिवारात. भात निघालं, मागची मसूरही निघाली की पाऊस पडेपर्यंत रान मोकळं. ढेकळांतून मारणं अशक्य, म्हणून काथ्याचं जुनं पायपुसणं अंथरतो आणि राजहंसगडाकडे नेम धरतो. कारखान्यात मात्र गोल्फचं नाव काढलं की सगळ्यांना बिबट्याच आठवतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसला होता आणि शोधायला हत्ती आणले होते. अजून विचारतात, "सापडला काय रे?"

तर शँक. मला शिकवणारे दोघं, आणि दोघांचं शास्त्र दोन टोकांना.

सुभेदारसाहेब पलटणीतून निवृत्त. त्यांनी स्विंगचे, म्हणजे क्लब फिरवण्याचे, आठ तुकडे पाडलेत, परेडच्या गिनतीसारखे. प्रत्येक तुकड्यावर थांबवतात. "डावा हात सरळ? खांदे नव्वद, कंबर पंचेचाळीस. परत एकपासून." माझ्यासारख्या ड्रॉइंग बघून जॉब करणाऱ्याला हे लगेच पटतं. मोजता येतं ना!

मामा पूर्वी कॅडी होते, म्हणजे खेळाडूंची क्लबची पिशवी वाहायचे. ते माझ्याकडे बघतच नाहीत, बांधावर पाठ करून बसतात आणि ऐकतात. क्लब उलटा धरायला लावला, डोक्याकडून, आणि म्हणाले, फिरव. सूंऽऽ आवाज कुठं येतोय? माझा यायचा उजव्या खांद्याजवळ, म्हणजे सगळा जोर चेंडूच्या आधीच संपलेला. "आवाज चेंडूच्या पुढं आण. बाकी सुम्ने होडी री." म्हणजे, नुसतं मार. हात, कोपर, कंबर, एक शब्द नाही.

मामांनी हे कुठं वाचलेलं नाही. पण अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्रज प्रो हेच शिकवायचा. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, त्याचा उजवा पाय गेला. एका पायावरही चेंडू नीट जातोय म्हटल्यावर त्यानं शरीराचा हिशेब सोडला आणि क्लबचं डोकं फिरवण्यावरच भर दिला. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवायचा. मी पंचाच्या टोकाला मोठा नट बांधून बघितला. घाई केली की पंचा ढिला पडतो, लगेच कळतं. 1999 मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांवर हेच तपासलं : काहींना हातांच्या झुल्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या. क्लबवाल्यांचा नेम सरस ठरला, दुसऱ्या दिवशी काही न सांगता मारायला लावलं तेव्हासुद्धा.

मंगळवारी मी दोन्ही एकदम करत होतो. कोपर सांभाळतोय आणि आवाजही ऐकतोय. त्या नादात वजन चवड्यावर गेलं, हात अंगापासून सुटले आणि चेंडू क्लबफेसऐवजी, म्हणजे क्लबच्या सपाट तोंडाऐवजी, दांड्याच्या खोबणीला लागला. मशीनवर साइज चुकली तर आम्ही एका वेळी एकच ऑफसेट बदलतो. इथं तेवढी अक्कल राहिली नाही.

म्हणून गुरुवारी फक्त सुभेदार, शनिवारी फक्त मामा. क्लबफेसवर ओला हात फिरवून टाल्कम पावडर लावली, चेंडू कुठं लागला त्याचा ठसा उमटतो. दर पाच चेंडूंनी पुसून परत. चाळीसपैकी मधोमध ठसे : गुरुवारी 13, शनिवारी 21.

इथंच नोंद संपवून मामांचा जयजयकार करणार होतो. पण शनिवारचे ते 21 गेले कुठं? जवळजवळ सगळे गडाच्या उजवीकडे. चेंडू ज्या दिशेनं निघतो ती मुख्यतः क्लबफेस ठरवतो, स्विंगची वाट नव्हे. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगायचे, रडारनं मोजायला लागल्यावर उलगडलं. माझा फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, कारण ग्रिप, क्लबवरची पकड, घसरलेली. अंगठा आणि बोटातला व्ही उजव्या खांद्याकडे हवा, तो हनुवटीकडे आलेला. आणि गंमत म्हणजे ती चुकीची ग्रिपच हाताला गोड लागत होती. असली चूक आवाज ऐकून सापडत नाही, सुभेदारांसारखं कुणीतरी बोट धरून वळवावंच लागतं. ग्रिप बदलून आणखी वीस मारले, त्यातले बारा सरळ.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलं : जे स्थिर आहे, ग्रिप, पाय, चेंडूची जागा, ते सुभेदारांकडून. क्लब हलला की मामा. आठ तुकडे तूर्त बंद.

रविवारी दोघं चहाला एकत्र आले. सुभेदारांना निर्णय रुचला नाही. त्यांनी इंग्रज गोल्फर निक फाल्डो काढला : त्याचा कोच लेडबेटर, त्यानं फाल्डोचा स्विंग पुरता उकलून नव्यानं बसवला, आणि 1987 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत शेवटच्या दिवशी फाल्डोनं अठराच्या अठरा होलांना पार मारून, म्हणजे प्रत्येक होल ठरलेल्या फटक्यांत संपवून, कप नेला. मामांनी बशी खाली ठेवली. "खरं हाय साहेब. पण तो रोज तेच करायचा. ह्यांची उद्यापासनं सेकंड शिफ्ट हाय."

पुढच्या आठवड्यात वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचा क्लब, तेही सकाळी. मेव्हण्यानं बाइक बांधाच्या पलीकडे लावायला सुरुवात केलीय.